मेंदी उतरेपर्यंत

माय हिवाळाभर बोटांना मेंदी लावायची, तीही नखांच्या मुळापर्यंत, गच्च. लांजीत आमच्या शेजारच्या बाया म्हणायच्या, "लयच शौकीन हायेस वो बाई तू!" माय नुसती हसायची. खरं कारण घरातल्यांनाच ठाऊक होतं. गार पाण्यात हात घातला की तिची बोटं आधी पांढरी पडायची, मग निळी. ते लोकांना दिसू नये म्हणून हा थाट. पुढे बोटं कडक झाली, मग दम लागायला लागला. नागपूरला रोगाचं नाव कळलं तोवर तो फुप्फुसात जाऊन बसला होता. वरातीमागून घोडं. माय गेली.

गेल्या थंडीत बालाघाटला माझ्या घरी भांडी घासताना माझं मधलं बोट पांढरंफटक पडलं. मी हात तसाच धरून उभी राहिले. नवरा म्हणाला, "काहून थांबली वो? भांडे मोजून राह्यली का?" मी बोट पुढे केलं, तशी त्याची मस्करी जिरली.

चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं. आदल्या दिवशी मी काय करावं? मेंदी लावली! चार लोकांत जायचं तर हात बरे दिसावेत, ही मायची शिकवण. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. नखाच्या मुळाशी कातडीत केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात; तिथे तेलाचा थेंब टाकून भिंगातून पाहिलं की रोग आत शिरलाय की नुसती थंडी बाधतेय, याचा अंदाज येतो. "पर इस मेहंदी में क्या दिखेगा? रक्त तपासून घ्या, और मेहंदी उतरने दो, फिर आओ."

मग रोज सकाळी उठून बोटं बघणं आलं. रंग फिका होत चालला तशी भीती वाढत होती, हे खरंच. पण मेंदीचा वासही जात होता, आणि मला मायची फार आठवण यायची. डोक्याला तेल लावताना तिच्या बोटांना हाच वास असायचा. कधी कधी मी हात नाकाशी धरून बसायची.

शेवटी कातडी स्वच्छ झाली. तेलाचा थेंब, वर भिंग, भिंगाला जोडलेला मोबाईल. पडद्यावर गुलाबी, बारीक बारीक वळसे दिसले, बांधीत नीट रोवलेल्या धानासारखे रांगेत. मायचा रोग असता तर काही फुगलेले दिसले असते, काही जागी नुसतीच रिकामी खाडं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकदम बढ़िया. रिपोर्टही चांगला आहे. नुसती थंडी बाधते तुम्हाला. गरम पाणी वापरा."

मी विचारलं, "माझ्या मायची बोटं कोणी अशी पाहिली असती, तर आधीच कळलं असतं का जी?"

"शायद," त्या म्हणाल्या.

बाहेर नवरा उभाच होता. "बरं हाय न?"

"हौ," मी म्हणाले आणि रडायला लागले.

"मंग आता काहून रडून राह्यली?"

"मले वाटलं व्हतं, मायचं काहीतरी असन माह्या हातात."

त्याच संध्याकाळी मी मेंदी भिजवली. लपवायला काहीच नव्हतं, तरी नखांच्या मुळापर्यंत लावली.