नंदाखालच्या वळणावरचा ब्रेक

गाडी पुन्हा थांबली. त्याच वळणावर, तसाच गचका देऊन.

"मॅडम, ब्रेक नकू ना!" सालेम वैतागला.

"मी नाही मारला, बाबा. माझे पाय बघ कुठे आहेत."

पाय मी मुद्दाम सीटखाली ओढून घेतले होते. ट्रेनिंगच्या गाडीला डबल कंट्रोल असतो. म्हणजे शिकणाऱ्यासारखेच क्लच आणि ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाशीही असतात. माझं पेडल दाबलं की त्याचंही खाली जातं. त्याने त्याचं दाबलं तर माझं मात्र हलत नाही. आणि त्या दुपारी माझं पेडल खाली गेलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत, सावकाश, कोणीतरी बेताने पाय ठेवावा तसं.

वसईजवळ पापडीला माझं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. बाई गाडी शिकवते म्हणून सुरुवातीला लोक बघायला आले, मग मुकाट्याने शिकायला आले. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सालेम येमेनचा, वसईत फार्मसी शिकायला आलेला. परदेशी मुलालाही इथे लायसन्स मिळतं. पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं पत्र, पोलिसांकडची नोंद, एवढं लागतं. त्याचे कागद सगळे झाले होते. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून पहिले काही दिवस "डावी धर, डावी धर" करून माझा घसा बसला. तेही जमलं. अडलं ते या वळणावर.

आणि त्याला लायसन्स हवंच होतं. घरी वडिलांना अर्धांगवायू झालेला, ते भाड्याने चालवायचे ती पिकअप दारात उभी. लायसन्स घेऊन आलास तर गाडी ठेवू, नाहीतर विकून टाकू, असं मामाने कळवलं होतं. गाडी गेली की घर बसलं. इकडे व्हिसा संपत आलेला.

तेव्हा वसईला स्वतःचं आरटीओ नव्हतं. ठाण्याहून इन्स्पेक्टर लायसन्सची टेस्ट घ्यायला कॅम्पला यायचे आणि नेमके याच रस्त्याने फेरी मारायला लावायचे. मागच्या कॅम्पला साहेब माझ्या जागेवर बसले आणि वळणावर गाडी थांबली. "कारण नसताना ब्रेक मारतो," म्हणून सालेम नापास. आता एकच कॅम्प हाताशी होता.

मी गाडी गॅरेजला नेली. आमचे मेकॅनिक सांतानभाऊ खाली शिरले, वायर खेचून बघितली. "काय नाय गो बाई, एकदम ओके. तूच पाय ठेवत असशील."

"मला काय वेड लागलंय?" मी भडकले. पण घरी जाताना मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत तिथे गेलो. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, वळणावर चुना लावलेला क्रूस. वारा होता, पण तेवढ्या पट्ट्यात केळीचं एक पान हलत नव्हतं. सालेमने क्रूसाकडे बघून हसून हात केला.

"कोणाला रे?"

"आजी बसते ना. रोज विचारते, कून जातू? मी सांगतू, मी जातू."

क्रूसाच्या पायरीवर कोणी नव्हतं. मी नीट बघितलं. आणि माझं पेडल खाली गेलं.

अंगावर सर्रकन काटा आला. "कोन जातो?" असंच विचारायची आमच्याकडची जुनी माणसं, ण चा न करून. आणि हा पठ्ठ्या रोज बिनधास्त "जातो" म्हणून मोकळा होत होता! आमच्यात निघताना कोणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतं. जातो म्हटलं की घरातली म्हातारी माणसं हात धरून थांबवतात, एक घोट पाणी पाजतात आणि मगच सोडतात.

"अरे गाढवा, जातो नाही म्हणायचं. येतो म्हण. येतो!"

"हां मॅडम."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण एक शब्द बदलून बघायला काय जातं? आम्ही वळसा घेऊन परत आलो. सालेम खिडकीतून मान बाहेर काढून काहीतरी ओरडला. इंजिनच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. गाडी लोण्यासारखी पुढे गेली. मी मनातल्या मनात आमेन म्हटलं.

फक्त त्या दिवसापासून गाडी पिकअप घेईना. मागून बसल्यासारखी वाटायची. टायरमध्ये हवा बघितली, ठीक होती.

कॅम्पच्या दिवशी सालेम आणि साहेब फेरी मारून आले. साहेबांनी पास केला. सालेमने आनंदाने टुणकन उडी मारली. साहेब मात्र माझ्याकडे वळले. "मुलगा छान चालवतो. पण मॅडम, टेस्टला मागे आजीबाईंना कशाला बसवता? नियमात बसत नाही."

मी सालेमला बाजूला घेतलं. "त्या दिवशी तू आजीला नक्की काय म्हणालास?"

"तुम्ही शिकवलं तेच. ये तू!"

अरबी बोलणाऱ्याच्या तोंडात ओ चा ऊ होतो. मोटारला तो मुटार म्हणायचा आणि मी हसायचे. आता हसू कुठलं! येतो म्हण सांगितलं, आणि पोराने तिला ये तू म्हणून बोलावून घेतलं होतं.

त्याला विमानतळावर सोडायला मीच गेले. बॅग एकच, तरी गाडी भरल्या टेम्पोसारखी रखडत होती. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं. चर्चमध्ये प्रार्थना करून घेऊ, म्हटलं. मला खरंच भीती वाटत होती, त्याच्यासाठी. सालेमने आरशातून मागच्या रिकाम्या सीटकडे बघितलं.

"मॅडम, मी ये म्हणालू. आता नकू कसं म्हणायचं? आमच्याकडे पाहुण्याला परत पाठवत नाहीत."

उतरल्यावर त्याने बॅग घेतली, आणि मागचं दार जरा वेळ उघडं धरून उभा राहिला.

येताना गाडी भुर्रकन पळाली. मी रस्ताभर रडले, सुटले म्हणून की पोराच्या काळजीने, कोण जाणे. नंदाखालच्या वळणावर त्यानंतर माझं पेडल कधी खाली गेलं नाही.

पुढे बाहेरदेशची पुष्कळ मुलं शिकून गेली. क्लच-ब्रेक मी कोणालाही शिकवते. मराठी शिकवत नाही.