उरलेल्या चार महिन्यांच्या गोळ्या

चामराजपेटेतला गुंडो शिंपी मूळचा चिकोडीकडचा. हाताला असा गुण, की ब्लाउज त्याच्याकडे शिवला की बाई दुसरीकडे जात नसे. डोक्याच्या नावाने मात्र आनंद. नाहीतर सगळं नीट समजून घेऊन वर असं कुणी वागतं का?

टीबी झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं. गोळ्या सहा महिने. दोन महिन्यांत खोकला जाईल, पण थांबायचं नाही. "गोळ्यांचा मारा सुरू झाला की बहुतेक जंतू मरतात. थोडे मात्र वाढायचंच सोडून देतात. एकाचे दोन होणं बंद, नुसते दडून राहतात. वाढणारा जंतू पटकन मरतो, थांबलेल्याला मारायला वेळ लागतो. तुम्ही गोळी सोडलीत की ते उठणार." घरी येऊन गुंडोने हे बायकोला, सकवारबाईला, शब्दन्‌शब्द सांगितलं.

दोन महिन्यांत गडी टुणटुणीत झाला. त्याच सुमाराला त्याच्या मुलीचं, सुप्रीताचं, निपाणीत जमलं. पोरीला तिसावं लागलेलं, आधीची दोन स्थळं मोडलेली. आजाराचं व्याह्यांना कुणी सांगितलं नाही. आठ दिवसांत निरोप आला, की नवऱ्यामुलाची आजी तानूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला शहरात येतेय, उतरणार तुमच्याकडेच. होणाऱ्या सोयऱ्याला नाही म्हणायची आपल्यात सोय असते का? एक डोळा, मग दुसरा. म्हातारी तीन महिने राहिली.

गोळीने लघवी लाल होते, आणि घरात मोरी एकच. त्यात दवाखान्यातून गोळी द्यायला येणारी पवित्रा रस्त्यातूनच हाक मारायची. गुंडोने तिला गाठून थाप मारली, "अक्का, मी गावाला चाललोय. तिथल्या दवाखान्यात घेतो." आणि गोळ्या बंद केल्या.

सकवारबाईला कळलं तेव्हा ती रडली, भांडली. "आता खोकतोय का मी? स्वल्प दिवसांचा प्रश्न आहे," तो म्हणाला. पोरीकडे बघून ती गप्प बसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

म्हातारीचं त्याने मनापासून केलं. दिवसातून चार वेळा तोंडाजवळ तोंड नेऊन डोळ्यांत थेंब घालायचा. तिलाही त्याचा लळा लागला. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी त्याला कोरडा खोकला सुरू झाला. कापडाची धूळ, म्हणाला. मग संध्याकाळी अंगात कसकस येऊ लागली, आणि तो मनातून चरकला.

ती निपाणीला परत गेल्यावर तो निमूट दवाखान्यात गेला. थुंकीत जंतू पुन्हा निघाले. "घरात आणखी कोण राहत होतं?" पवित्राने विचारलं. "आम्ही तिघंच," गुंडो म्हणाला.

लग्नाला महिना उरला असताना तानूबाईचा फोन आला. आवाज बसला होता.

"गुंडोअण्णा, तुम्हालाच सांगते. तीन आठवडे खोकला आहे. काल रक्त पडलं. घरात बोलले नाही. लग्न पुढं ढकलतील, आणि तुमच्या पोरीला पांढऱ्या पायाची म्हणतील. काय करू, दाखवू का आत्ता?"

समोर सुप्रीता पत्रिकांना हळदीकुंकवाची बोटं लावत होती. खरं अगदी गुंडोच्या ओठांवर आलं होतं, देवाशपथ.

"लग्न होऊ द्या, आई," तो म्हणाला. "मग बघू."

"बरं," म्हातारी म्हणाली. "तुम्ही म्हणताय तर थांबते."