कडुलिंबाखालची वाटी

दत्ताचा फोन सकाळी आला. "आई गेली," एवढंच म्हणाला. मी लातूरहून निघून अणदूरच्या पुढं आमच्या गावी पोचेपर्यंत गौराकाकीला तिच्या लिंगायत रीतीप्रमाणं बसवून, हातात तिचं इष्टलिंग देऊन, शेताच्या कडेला माती दिलेली होती. दत्ता हा तिचा एकुलता एक मुलगा. त्यानं मुरुमहून त्यांचा पुरोहित, जंगम, बोलावला होता आणि भावकीतल्या कुणाचंही ऐकलं नव्हतं. तिथपर्यंत सगळं नीट झालं. बिघडलं ते तेराव्या दिवशी.

काकीच्या धर्मात सुतक नाही आणि तेरावंही नाही, पण आमच्या भावकीला जेवण हवं होतं. जेवणाआधी दोघं-तिघं बोलायला उभे राहिले. एक म्हणाला, दुसऱ्या जातीची असून दुधात साखर विरघळावी तशी आमच्यात विरघळली. दुसरा म्हणाला, उभ्या जन्मात त्या माउलीनं कशाला नाही म्हटलं नाही. मी दात आवळून ऐकत होते. मग माझी शेवंताआत्या, म्हणजे काकीची धाकटी नणंद, आता ऐंशीच्या घरातली, पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "आगं, आमी तर तिला खंडेनवमीला मटणाचा रस्सा आमटी म्हणून चारला हुता! तिला कळलंबी न्हाय!" सगळा मांडव हसला. मेलेल्या बाईच्या तेराव्याला मांडव हसला! मी ताडकन उठले आणि ओरडले, "कळलं होतं तिला!" तर आत्या माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हीच तर घिऊन गेल्ती की वाटी!" मग आणखी हशा. मी न जेवता आत निघून गेले.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. राग उतरलेला नाही म्हणून लिहायला बसले आहे. साखर म्हणे! विरघळणारी बाई नव्हती ती. आणि 'नाही' तर तिनं आमच्या घरात इतक्यांदा म्हटलं होतं की आजीचे कान किटले होते.

माणिककाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. निजामाचं राज्य होतं, रझाकारांची धामधूम सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. काका मुरुमला एका लिंगायत व्यापाऱ्याच्या आडतीवर होते. उर्दू चांगलं लिहीत, म्हणून कचेरीचे कागद त्यांच्याकडं असत. गौरा त्या व्यापाऱ्याची पुतणी, सतराव्या वर्षी विधवा झालेली, घरात कानडी बोलणारी. आणि आम्ही नवरात्रात देवीपुढं बकरं कापणारे मराठे. दोघं सरहद्द ओलांडून सोलापुरात गेले आणि लग्न करूनच परत आले. मुरुमकरांनी तिचं नाव टाकलं. आमच्या आजीनं दार उघडलं, पण "ये" म्हणाली नाही. मी तेव्हा सहा-सात वर्षांची. मी म्हणाले, "ये की," आणि पाठीत एक धपाटा खाल्ला. काकीचं माझ्यावर तेव्हापासूनच लक्ष होतं असं मला वाटतं.

पहिलं भांडण ताटावरून झालं. आमच्यात पुरुष आधी जेवत आणि नवऱ्यानं ताटात चतकोर भाकरी, कालवण ठेवलं की बायको त्याच ताटात वाढून घेई. ते प्रेमाचंच मानत. काकांनी पहिल्या दिवशी मोठ्या हौसेनं अर्धी भाकरी आणि वांग्याची एक फोड ठेवली आणि मिशीत हसत उठले. काकीनं ताटाकडं पाहिलं आणि विचारलं, "हे का टाकलं? बरं झालं न्हाय का?" तिच्या माहेरी जेवण म्हणजे प्रसाद. आधी गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग तळहातावर घेऊन त्याला दाखवायचं, मग जेवायचं, आणि घेतलेलं कणभरही टाकायचं नाही. शेवटी ताट धुऊन ते पाणीसुद्धा पिऊन टाकायचं. तिच्या लेखी ताटात अन्न सोडून उठणारा माणूस उर्मट होता, आणि उष्ट्या ताटातलं लिंगाला दाखवायचं तर बोलायलाच नको. आमच्या लेखी नवऱ्याच्या ताटात न जेवणारी बाई नवऱ्याला मोजत नव्हती. आजी कडाडली, "माझ्या ल्योकाचं उष्टं हिला चालत न्हाय!" काकी सासूला कानडीत हाक मारत शांतपणे म्हणाली, "कुणाचंच चालत न्हाय, अत्ती. देवाचं बी उष्टं करून ठेवत न्हाईत आमच्यात." काका मान खाली घालून बाहेर गेले. आठ दिवस नवरा-बायको एकमेकांशी बोलले नाहीत, हे मला आईनं पुढं सांगितलं.

दुसरं भांडण त्याहून मोठं. आमच्या घरातल्या बाया महिन्याचे चार दिवस परसात गोठ्याच्या कडेला बसत. माझी आईसुद्धा. थंडी असो, ताप असो, वरून कुणी भाकरी टाकली तर खायची. काकी बसलीच नाही. अंगावर लिंग असणाऱ्या बाईला विटाळ नसतो, असं म्हणून ती आंघोळ करून सरळ चुलीपुढं गेली. आजीनं त्या दिवशीच्या भाकरी कुत्र्याला घातल्या. आणि काका? काकांनीही त्या भाकरीला हात लावला नाही, बरं का. चार दिवस अणदूरला एका मित्राकडं जाऊन जेवून आले. माणसाच्या अंगात भिनलेलं असतं ते लग्न केल्यानं जात नाही. परत आले तेव्हा काकीनं विचारलं, "माझ्या हातचं पानी तरी चालतंय का?" काका म्हणाले, "गौरा, मला जरा येळ दे." तिनं दिला. दोन-तीन महिने दिला. मग एक दिवस त्याच चार दिवसांत काका चुलीपुढं पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, "वाढ." आईला गोठ्यातून ते दिसलं आणि ती रडली, तेही तिनंच सांगितलं. माझ्या वडिलांना मात्र तसा पाट मांडायचं मरेपर्यंत सुचलं नाही. 'काळच तसा होता' म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे, दोघं भाऊ एकाच काळातले नव्हते का?

तर असं ते दोघांचं चाललं होतं. काका ताटात ठेवायचे थांबले, पण ताट धुऊन प्यायला काही तयार होत नव्हते, म्हणायचे, "मी काय बैल हाय का?" काकी तिळाच्या कडक भाकरी करून चवड लावून ठेवी; काका त्यांना पापड म्हणत आणि शेताला जाताना त्याच बांधून नेत. ते दोघं एकमेकांना ओढत होते, रुसत होते, शिकत होते. घरातल्या बाकीच्यांनी त्यांना तेवढं करू द्यायचं होतं. तेवढंही झालं नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला बकरं पडलं. चुलीवर मोठं पातेलं, घरभर वास. काकीनं आपली तुरीच्या डाळीची आमटी आणि भाकरी आधीच करून ठेवली होती आणि ती माजघराच्या कोपऱ्यात जेवायला बसली होती. शेवंताआत्या तेव्हा पंधरा वर्षांची, अंगात नुसता वारा. तिनं पितळी वाटीत रस्सा गाळून घेतला, फोड एकही नाही, आणि माझ्या हातात दिला. "काकीला दे. आमटी हाय म्हणावं, तुझ्या आईनं केलीया. तिला ताटातलं टाकायचं चालत न्हाय न्हवं? आता बघू कशी टाकती!" तिचाच नेम तिच्याच गळ्यात अडकवायचा, ही आत्याची अक्कल. मी वाटी घेऊन गेले. "आईनं आमटी दिलीया," म्हणाले. जावेनं आपल्यासाठी काही दिलं याचा काकीला एवढा आनंद झाला... तिनं वाटी ताटात घेतली, डावा तळहात पुढं करून लिंगाला दाखवली, डोळे मिटले, आणि मग भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला.

तिथंच थांबली. तोंडातला घास तिला ना गिळता येईना ना टाकता येईना. आपण काय खाल्लं याहीपेक्षा आपण लिंगापुढं काय धरलं, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. मग ती उठून परसात गेली, ओकली, घागरीचं गार पाणी डोक्यावरून ओतलं आणि तशीच ओलेत्यानं लिंग तळहातावर घेऊन बसली. दोन दिवस तिनं पाणी घेतलं नाही. आमच्या घरात आल्यापासून तिचं ताट पहिल्यांदाच भरलेलं राहिलं होतं.

ती परसात असतानाच, काका जेवून बाहेर बसले होते ते आत आले. ताट पाहिलं, वाटीचा वास घेतला. कुणाला काही विचारलं नाही. वाटी उचलून त्यांनी जोरात बाहेर भिरकावली, ती कडुलिंबाच्या बुंध्याला लागून खणखणली. मग ते खाली बसले आणि काकीच्या ताटात जेवू लागले. तिची अर्धी भाकरी, तिची खरी आमटी, मीठ, सगळं. आजी किंचाळली, "आरं, बायकूचं उष्टं खातूयास? मेले मी!" काका म्हणाले, "तिचं काय टाकत न्हाईत, आये." ताट निपटून पुसलं, त्यात पाणी घातलं, फिरवलं आणि पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः माती कालवून दुसऱ्या खोलीत वेगळी चूल घातली.

काकांनी मटण सोडलं नाही, आणि तिनं सोड म्हटलं नाही. पण त्यानंतर ते त्यांच्या घरात कधी आलं नाही. काका कडुलिंबाखाली तीन दगड मांडून स्वतः वाटण वाटत, स्वतः शिजवत, गाव हसे. काकी आत गरम भाकरी भाजे आणि उंबऱ्यावरून त्यांच्या हातात देई. असं काका जाईपर्यंत चाललं. ही साखर आणि दूध नव्हे, हो. दोन माणसं होती, दोघंही आपापल्या जागी पक्की, आणि मध्ये एक उंबरा.

वाटी कडुलिंबाखालीच राहिली. काकीनं ती घरात घेतली नाही आणि फेकलीही नाही. रोज पूजा झाली की तिच्यात चिमण्यांसाठी पाणी ओतायची. मी मोठी झाल्यावर, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, ती पाणी ओतत असताना मी तिच्याशेजारी उभी होते. ती आपणहून म्हणाली, "तू मनात ठिऊ नको, लेकरा. तू नुसती घिऊन आलीस. तुला काय ठावं?" मी मान हलवली, इतकंच... पुढची सगळी वर्षं ती मला त्याच मायेनं हाक मारत राहिली आणि मी ती माया घेत राहिले. आत्याचा राग मला येतो तो खराच. पण वाटी कुणी नेली याबद्दल ती हसली तरी खोटं बोलली नाही. खोटं मी बोलले होते, आणि तेही दोनदा.

त्या तेराव्याला आत गेले तेव्हा काकीच्या चुलीवरच्या फळीवर एक पितळी वाटी चकचकत होती. कुणीतरी, घर आवरताना, लिंबाखालून उचलून चिंचेनं घासून मांडली होती. काकीच्या चुलीवर. मी ती उतरवली, मांडवातल्या सगळ्यांच्या देखत लिंबाखाली नेली, पाण्यानं भरून ठेवली आणि म्हणाले, "काकी, मला म्हाईत होतं त्यात काय हाय ते."