एका वॉशरएवढी फट

सगळं गॅरेज त्याला दाजी म्हणायचं. मालक म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. तो दाजी म्हणायचा म्हणून कामगार म्हणायला लागले, मग गिऱ्हाईकं, आणि शेवटी समोरचा पंक्चरवालासुद्धा. अशी बावीस वर्षं! राहायला गॅरेजवरच्याच दोन खोल्या, जिना थेट कामावर उतरणारा. रुसून निघून जावं म्हटलं तरी मेहुण्याच्या टेबलासमोरूनच जावं लागणार.

हात मात्र असा, की गाडीचा एसी बिघडला की लोक चार गॅरेजं ओलांडून याच्याकडे यायचे.

त्या दिवशी दोन वाजता तांत्रिक शाळेत त्याची मुलाखत होती. एसीचं काम शिकवणारा मास्तर हवा होता. वयाची अट पंचेचाळीस, आणि पुढच्या महिन्यात दाजी ती ओलांडणार. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. ही गोष्ट त्याने जगात एकट्या बायकोला सांगितली होती. "तुम्हाला बरं वाटेल ते करा," ती म्हणाली होती. मेहुण्याला त्याने दाताच्या डॉक्टरची थाप मारली.

बारा वाजता एक बाई गाडी घेऊन आल्या. "काल इथूनच ऑइल बदलून नेली. आज ऊन तापलं तसा एसी बंद! चार वाजता आईला दवाखान्यातून घरी न्यायचंय हो."

"दाजी, दात काय पळून जातोय? एवढं बघून जा," मेहुणा टेबलावरून म्हणाला.

आता दाजीचा एक हट्ट होता. बिघाड डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाना लावायचा नाही. आणि ही गाडी तर आल्या आल्या गुणी बाळासारखी गार हवा द्यायला लागली! फ्यूज ठीक, वायर ठीक, गॅसही पुरेसा. मग काय, गाडी उन्हात लावली, काचा वर केल्या आणि इंजिन चालू ठेवून हा आत बसला. साडेबारा झाले. एक झाला. शाळा अर्ध्या तासावर. उतरून सरळ चालू पडावं, असं दहा वेळा मनात आलं. पण बाई बाकावर बसून दर पाच मिनिटांनी याच्याकडे बघत होत्या. अरे, माणसाने इतकं भिडस्त असावं का!

पावणेदोनला हवा कोमट झाली. दाजीने बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसरची पुली इंजिनबरोबर फिरतच असते. एसी लावला की तिच्यामागचं चुंबक पुढची प्लेट ओढून पुलीला चिकटवतं, आणि मग कॉम्प्रेसर फिरतो. त्यालाच क्लच म्हणतात. इथे पुली फिरत होती, प्लेट ढिम्म. त्याने लाकडी दांड्याने प्लेटला जरासं ढोसलं. टक! लगेच चिकटली. म्हणजे चुंबक जिवंत होतं, प्लेट आणि पुलीमधली फट जास्त झाली होती. चुंबक तापून जरा दुबळं पडलं की त्याला तेवढ्या फटीतून प्लेट ओढवत नव्हती.

मुलाखत तर गेलीच होती. इंजिन बंद करून त्याने मधला नट सोडवला, प्लेट काढली. मागे, जिथे फट राखायला एकच वॉशर असतो, तिथे दोन निघाले. एक कंपनीचा. दुसरा डब्याच्या पत्र्यातून कापलेला, कोरा करकरीत, कडेला कात्रीचे ओरखडे.

दाजीने तो उजेडात धरून बघितला. पत्र्याचे वॉशर कापायची युक्ती त्याचीच, पण कडा घासल्याशिवाय तो वॉशर बसवायचा नाही. आणि ही युक्ती त्याने आजवर एकालाच शिकवली होती.

त्याने तो वॉशर काढून टाकला, प्लेट बसवली, फट मोजली. अर्धा मिलिमीटर, बरोबर. बाई शंभरदा आभार मानून गेल्या.

दाजीने वॉशर मेहुण्याच्या टेबलावर ठेवला. "काल ऑइल तुम्हीच बदललंत ना, दादा?"

मेहुणा आधी हसला, मग त्याने मान खाली घातली. "तुम्ही गेलात तर हे गॅरेज कोण बघणार, दाजी? मला येतं काय त्यातलं?"

"केसाने गळा कापलात, दादा! सरळ सांगायचं होतं, जाऊ नका म्हणून. आणि तुम्हाला कळलं कुठून?"

"तिनेच सांगितलं. वर्षाच्या कराराची नोकरी, उद्या सुटली तर राहायचं कुठे? रडत होती हो. म्हणाली, दादा, काहीही कर, पण यांना थांबव."

आता ओरडायचं कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. दाजी नळावर गेला आणि साबण लावून बराच वेळ हात धूत राहिला. मग जिना चढला.

वर दोन ताटं वाढलेली होती. मुलाखतीचं काय झालं, हे तिने विचारलंच नाही. "बसा, गार होतंय," एवढंच म्हणाली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून तो बसला आणि जेवला.