तंबू की ताडपत्री: कळंब ते नरसिंहपूर, दोन रात्री

या ब्लॉगवर आजवर माझे यजमान श्रीकांत लिहायचे. मी फक्त फोटो काढायचे. एप्रिलमध्ये ते गेले. त्यानंतर इथे काहीच आलं नाही, तेव्हा काही वाचकांनी विचारपूस केली होती. त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याबद्दल क्षमा असावी.

मला लिहायची सवय नाही. पण फेब्रुवारीत आमचा गट पाच दिवस सातपुड्यात चालायला जाणार आहे आणि संयोजक नीलाताईंनी विचारलं, "तुमचं नाव धरू का? सोमवारपर्यंत कळवा." या मोहिमेत प्रत्येकाने आपलं सामान आपण वाहायचं असतं. आमचा दोघांचा तंबू सव्वातीन किलोचा आहे आणि तो कायम त्यांच्या पाठीवर असायचा. माझे गुडघे चौपन्न वर्षांचे आहेत. दुसरा पर्याय ताडपत्रीचा. शेतातली जाड ताडपत्री नव्हे, पाऊण किलोचं हलकं कापड, दोन काठ्या आणि सहा खुंट्या. बाजूंनी सगळं उघडं.

खरं तर प्रश्न वजनाचा नव्हता. एकटीने बाहेर झोपणं मला जमेल का, हेच माहीत नव्हतं. म्हणून ठरवलं, घरापासून जवळच दोन रात्री काढायच्या. एक तंबूत, एक ताडपत्रीखाली. जमलं तर सातपुडा. नाही जमलं तर दोन्ही वस्तू कुणाला तरी देऊन टाकायच्या आणि विषय संपवायचा.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, वर्ष तरी होऊ दे." मी शुक्रवारी दुपारी निघाले.

बारामती स्टँडवरून कळंबला एसटीने गेले. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च नगण्य. ऊसतोडीचे दिवस असल्याने पुढे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर लागतात आणि गाडी त्यांच्या मागे रांगते. या दिवसांत जाणार असाल तर तासभर जादा धरा.

कळंबला माझ्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या भावाचं शेत आहे. त्यांना सगळे आबा म्हणतात. फोन आधी करून ठेवला होता. कुणाच्याही रानात न विचारता मुक्काम करू नये, आणि उसाच्या अगदी कडेला तर नकोच. बिबट्या दिसल्याच्या गोष्टी इथे प्रत्येकाकडे असतात.

बांधाशेजारी एक लांबट, सपाट, थोडी खोलगट जागा सापडली. वारा लागत नव्हता. तिथे तंबू लावायला घेतला. दोन कांबी एकमेकींवरून वाकवून चार कोपऱ्यांत बसवायच्या असतात. एक टोक बसवलं की दुसरं निसटायचं. ते टोक धरून उभं राहणारं माणूस आमच्याकडे नेहमी असायचं. चाळीस मिनिटं लागली. आबा आणि त्यांच्या घरच्या काकू गोठ्याजवळून बघत होते. शेवटची खुंटी ठोकली तेव्हा आबा जवळ आले.

"ताई, जागा झ्याक हाय. पर ही पाण्याची चारी हाय. पहाटं लाईट आली की मोटार सुरू व्हती. तरंगायचा इचार हाय का?"

काकू म्हणाल्या, "आवं, मग मघाशीच सांगायचं न्हाय व्हय? पार हुईस्तवर गप बघत बसला!"

"मला वाटलं, शिकलेली मान्सं हायत, काय तरी डोकं आसंल त्यात."

कितीतरी दिवसांनी मी मोठ्याने हसले. मग खुंट्या उपटून तिघांनी तो उभाच्या उभा तंबू उचलला आणि अंगणात आणून ठेवला. "वरात निघाली गं," काकू म्हणत होत्या. ताडपत्री असती तर सगळं सोडून पुन्हा बांधावं लागलं असतं. तंबूचा हा गुण मान्य करायला हवा.

रात्री ज्वारीची भाकरी, वांग्याचं कालवण आणि शेंगदाण्याची चटणी. पैसे घेत नाहीत, म्हणून जाताना चहापत्तीचा पुडा न्यावा. जेवताना काकूंनी विचारलं, "मालक न्हाय आलं?"

"नाही आले," एवढंच म्हटलं.

तंबूत ऊब होती. दोन्ही चेनी लावल्या की बाहेरचं जग संपतं. उरलेल्या अर्ध्या जागेत सॅक आडवी ठेवली. झोप तुकड्यातुकड्यांनी लागली.

सकाळी तोंडावर थंड थेंब पडला म्हणून जाग आली. वर पाहिलं तर कापड आतून ओलंचिंब. आधी वाटलं, फाटलाय. पण पाऊस नव्हताच. आपल्याच श्वासाची वाफ थंड कापडाला लागून पाणी होतं. शेजारी भिजवलेला ऊस असला की आणखी जास्त. बारा वर्षं मी या तंबूत झोपले आहे, पण तो आतून ओला झालेला कधी पाहिला नव्हता.

तंबूच्या खिशात एक पिवळा नॅपकिन असायचा. मला वाटायचं, तो चष्म्यासाठी आहे. ते नेहमी माझ्या आधी उठायचे. मी उठायचे तेव्हा तंबू कोरडा असायचा आणि बाहेर चहा उकळत असायचा.

नॅपकिन खिशातच होता. मी गुडघ्यांवर बसून सगळं छत पुसलं. पंधरा मिनिटं लागली. मग चहा केला.

शनिवारी कळंबहून आठेक किलोमीटर शेतरस्त्याने चालले. नीरा उजव्या हाताला, कधी दिसते, कधी उसामागे जाते. ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, लागल्या. बांबू, पाचट आणि वर ताडपत्री. त्यांच्या गाठी नीट बघून घेतल्या. पुढे वडापची, म्हणजे सीट भरून जाणारी, जीप मिळाली. एक वाजता नरसिंहपुरात. देवळात दर्शन घेतलं, घाटाच्या पायऱ्यांवर बसून नीरा आणि भीमा एक होतात ती जागा बघितली. गर्दी नव्हती.

गावाबाहेर रस्त्याकडेला शालनमावशी पेरू विकत होत्या. साठीच्या असतील. किलोभर पेरू घेतले आणि त्यांच्या बागेत रात्रीपुरती जागा मागितली. "ऱ्हा की," म्हणाल्या. ताडपत्री बांधायला घेतली तशी ती फडफडायला लागली. मावशी पाटी सोडून आल्या.

"वाऱ्याकडं तोंड करून बसतीस व्हय? पाठ कर त्याला. ही कड भुईला टेकव. कांद्यावर कागद टाकताना आमी आसंच करतो." प्लास्टिकच्या ताडपत्रीला इथे कागद म्हणतात. मग त्यांचं लक्ष सॅककडे गेलं. "आन् त्या पिशवीत काय?"

"तंबू."

"मग ह्यो कशाला?"

"हलका आहे."

"हां, म्हंजी पळून जायाचंय." स्वतःच हसल्या. "मालक कुठं हायत तुझं?"

"वारले. एप्रिलमध्ये."

हे वाक्य मी पहिल्यांदाच अनोळखी माणसाला सांगत होते. मावशींनी खाली पडलेली दोरी उचलली.

"माझं बी गेलं, आठ वर्सं झाली. धर ही दोरी. दुसऱ्या टोकाला मानूस लागतं आसं वाटतंय तुला. न्हाय लागत. आदी दोन्ही खुंट्या ठोक, मग काठी उभी कर. दोरीच धरती तिला."

काठी खरंच उभी राहिली. मावशींनी एक ओढ दिली आणि गाठ सोडून टाकली. "आता तू बांध." मी बांधली. "सोड. परत बांध." तिसऱ्यांदा बांधली तशी त्या पेरूंकडे गेल्या.

त्या रात्री नऊला आडवी झाले. डोळ्यांसमोर मावशींच्या ओसरीवरचा दिवा होता, आणि त्यांचं कुत्रं पायाशी येऊन पडलं. गार वारा येत होता, स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागली. मुंग्याही होत्या, खाली जाड अंथरी हवी. पण सकाळी देवळाची घंटा ऐकूनच जाग आली. ताडपत्रीच्या कडांवरून दंव ठिबकत होतं, खाली मी कोरडी होते.

तुम्ही विचाराल, काय घ्यावं? पाऊस, डास किंवा दोघं असतील तर तंबू, आणि सकाळी आतून पुसायचं काम आधीच वाटून घ्या. कोरडा हिवाळा, एकटं माणूस आणि जुने गुडघे असतील तर ताडपत्री. गाठी मात्र घरी शिकून जा.

रविवारी इंदापूरमार्गे एसटीने तीनपर्यंत बारामतीत आले. कपडे धुतले, तंबू गच्चीवर वाळत घातला. तो देऊन टाकायचा विचार आता नाही, कुणी जोडी मागायला आली तर उसना देईन.

संध्याकाळी नीलाताईंना लिहिलं की मी ताडपत्री आणेन. लगेच उत्तर आलं, "ताडपत्री कशाला? माझ्या तंबूत एक जागा आहे, तिथे या. एकट्या नका झोपू." त्यांनी मनापासून लिहिलं होतं. ओझंही वाचलं असतं. फोन बाजूला ठेवून मी आमटी-भात केला, जेवले, भांडी घासली.

मग लिहिलं, "पाऊस आला तर नक्की तुमच्याकडे येईन. एरवी शेजारीच बांधते. नाव धरा, येते."

एप्रिलपासून मला जी आमंत्रणं आली, त्यांतल्या एकालाही मी 'येते' असं लिहिलं नव्हतं.