पेरल्यासारखे दात

जवळ सरक गं, अन् तो मोबाइल ठेव बाजूला. कधी नाय ती आलीस, अन् त्याच्यातच डोकं? आज गेरू भिजवला अन् त्या ओल्या वासानं मला नणंदेची पोर आठवली. लहानपणी, पिशोर गावी असताना, तिचे दोन्ही गाल हळूहळू सुजत गेले. गालफुगी समजून आम्ही गेरूचा लेप लावत राहिलो, सूज हटंना. कुणी म्हणलं, जबडा कापावा लागंल. नणंदेचं जेवणच सुटलं. मग मी दोघींना इथं शहरात दाताच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाई गाल पुसत म्हणाल्या, "पोळ्याचा बैल समजून रंगवली की काय हिला?" मग त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. आई गं! हाडात पोकळ्या, अन् त्यांत दात मक्याचे दाणे फेकून पेरल्यासारखे विखुरलेले. बाई म्हणाल्या, "जबड्याच्या हाडाचा लई दुर्मीळ आजार हाय हा. कापायची घाई नको, वयात आली की बहुतेक हाड आपणच भरतं." "अन् नाय भरलं तर, बाई?" नणंदेनं विचारलं. "तेव्हा बघू. आत्ता थांबायचं." आम्ही थांबलो. पोर वयात आली अन् खरंच, कुणाचा हात न लागता गाल उतरत गेले. आतून कोण घडवत होतं, मला अजून उमगंना. दिवाळीला ती येणारंय; तू बी ये गं लवकर, तिचं तोंड एकदा बघ.