खरी सही ओळखण्याची रीत

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत अख्खं लालबाग घोषणा देत होतं आणि मी पुढाऱ्यांच्या सह्या जमवत होतो. ‘मुंबईसह महाराष्ट्रासाठी माझ्यासारख्या तरुणानं काय करावं?’ असं पत्र टाकायचं आणि उत्तराची वाट बघायची. एकानं कळवलं, सत्याग्रहात उतरा. दुसऱ्यानं कळवलं, आधी परीक्षा पास व्हा. मी दोन्ही पत्रं जपून वहीत चिकटवली आणि दोन्हींतलं काहीच केलं नाही.

सुट्टीच्या दुपारी चाळीच्या गॅलरीत वही उघडून बसलं की गिरण्यांची घरघर लांबच्या समुद्रासारखी वाटायची. त्या निळ्या, वळणदार सह्यांवरून मी तरंगत कुठल्या कुठे जायचो. एखादा लांबलेला फराटा बघून वाटायचं, हा माणूस आपल्याशी अजून काहीतरी बोलणार होता, शाई संपली म्हणून थांबला.

चाळीत मासे घेऊन येणाऱ्या वरळी कोळीवाड्याच्या मावशीला माझा हा नाद ठाऊक होता. एकदा तिनं टोपली उतरवली आणि कमरेच्या पिशवीतून एक कागद काढला. पोलिसांना चुकवत फिरणारा एक पुढारी तिच्या घरी राहून, जेवून गेला होता. मागाहून त्यानं आभाराचं पत्र धाडलं. मजकूर टाइप केलेला, खाली सही.

“वाड्यातल्या बाया मना हसतान,” ती म्हणाली. “म्हनतान, एवढा मोठा मानूस तुला कशाला सही करतोय? कारकुनानं सहीचा शिक्का मारला असंल. तू शिकलेला हाईस. सांग बघू, सही का शिक्का?”

‘सही आहे, मावशी’ एवढं म्हणून मोकळं व्हायचं, तर तेवढ्यात माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. गिरगावातल्या एका जाणकारानं मला रीत शिकवली होती: शिक्क्याची शाई तेलकट, ओल्या बोटाला दाद देत नाही, पेनाची लगेच सुटते. मात्र बोट सहीच्या टोकाला, अगदी निसटतं लावायचं. हे ‘निसटतं’ मी कानानं ऐकलं होतं, बोटानं नव्हतं.

मी बोट जिभेला लावलं आणि वैद्याच्या थाटात सहीवरून फिरवलं. आधी फराटा गेला, मग आडनाव, मग बाकीचं. कागदावर एक निळा ढग पसरत राहिला. खरं सांगतो, क्षणभर मला तो फार सुंदर वाटला.

“काय झालं रं?”

“मावशी, खरी होती.”

“होती म्हंजी?”

मी कागद दाखवला, बोट दाखवलं. आता टोपली डोक्यात बसणार म्हणून मान खाली घातली.

“म्हंजी त्यानंच केलती? सोताच्या हातानं?”

“शंभर टक्के. शिक्का असता तर पुसलाच नसता.”

“मंग चल वाड्यात. त्या भवान्यांना तुज्या तोंडानं सांग. आन बोट धुशील तर बघ!”

उरलेले मासे तसेच डोक्यावर घेऊन ती पुढे, बोट वर धरून मी मागे, अशी आमची मिरवणूक प्रभादेवीवरून कोळीवाड्यात पोचली. दोरीवर बोंबील वाळत होते. खारा वारा सुटला होता. बाया जमल्या. सगळ्यांत संशयी म्हातारीनं स्वतःचं बोट थुंकीनं ओलं केलं आणि माझ्या बोटावर घासलं. तिचंही निळं झालं.

“खरी हाय गो,” ती पुटपुटली.

मग प्रत्येकीलाच खात्री करून घ्यायची होती. मावशी कमरेवर हात ठेवून, राणीसारखी उभी राहून बघत होती. दिवेलागणीपर्यंत त्या पुढाऱ्याची सही अख्ख्या गल्लीच्या बोटांवर गेली होती आणि माझं बोट स्वच्छ झालं होतं.